सळई, रिंगा आणि स्क्रम

जालन्यात बांधकामाच्या कुठल्याही साइटवर सकाळी डोकावलात तर एक काम हमखास चालू दिसते. कॉलमच्या लांब सळया आडव्या मांडलेल्या असतात. कारागीर त्यांच्यावर एकेक रिंग सरकवतो, कोपऱ्यावर बाइंडिंगच्या तारेचा दुहेरी तुकडा घालतो आणि हातातल्या हुकाने दोन-तीन पीळ देऊन आवळतो. रिंग, पीळ. पुन्हा रिंग, पीळ. रग्बीतला स्क्रम मला खऱ्या अर्थाने कळला तो हे काम बघत उभा असताना.

2025च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा हा खेळ अनेकांनी टीव्हीवर पहिल्यांदाच पाहिला. चेंडू हातून पुढे निसटण्यासारखी किरकोळ चूक झाली की खेळ स्क्रमने पुन्हा सुरू होतो. दोन्ही संघांचे खेळाडू कमरेत वाकून एकमेकांना भिडतात, मधल्या बोगद्यात चेंडू टाकला जातो आणि समोरच्याला मागे रेटत तो पायाने आपल्या बाजूला ओढायचा असतो. पंधरा जणांच्या रग्बीत एका बाजूला आठ जण : पुढे तीन, त्यांच्या मागे चार, शेवटी एक. पुढच्या रांगेतल्या मधल्याला हूकर म्हणतात, कारण चेंडू तोच पायाने मागे ओढतो. त्याच्या दोन बाजूंचे दोघे प्रॉप, म्हणजे टेकू.

लांबून ही नुसती रेटारेटी वाटते. पण रेटा येतो कुठून, हे नीट बघायला हवे.

पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॉली फसली की काय होते, ते आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. सहा-सात जण मागून ढकलतात, आणि ज्याच्या पायात गुळगुळीत झालेली चप्पल असते तो जागच्या जागी घसरतो. दंडात कितीही बळ असो, ते ट्रॉलीपर्यंत पोचत नाही. जाणता माणूस चप्पल काढून फेकतो, पायाची बोटे चिखलात रुतवतो, अंग पुढे झुकवतो, आणि मग चाक हलते. आपण हातांनी किंवा खांद्याने ढकलतो असे वाटते, पण खरे ढकलतात पाय. पाय जमिनीला मागे रेटतात, जमीन तेवढ्याच जोराने आपल्याला पुढे रेटते. जमिनीने जेवढे परत दिले तेवढाच आपला रेटा.

स्क्रममध्ये हा हिशेब फार मोठा होतो. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी स्क्रमच्या यंत्रावर संवेदक बसवून मोजमाप केले. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष संघाचा सलग टिकणारा रेटा 8 हजार न्यूटनच्या वर गेला. मोंढ्याच्या भाषेत सांगायचे तर साधारण साडेआठ क्विंटलचा भार. एवढ्या तगड्या आठ जणांचे मिळून वजनही जवळपास तितकेच भरते. म्हणजे ही माणसे आपल्या वजनाइतका रेटा आडवा देतात! साध्या तळव्याच्या बुटांनी हे होणे नाही. म्हणून रग्बीच्या बुटांना खुंट्या असतात. नियमाने त्या जास्तीत जास्त 21 मिलिमीटर लांब ठेवता येतात. खुंटी मातीत घुसली की पाय नुसत्या घर्षणावर अवलंबून राहत नाही. तो घसरायचा तर मातीचा थरच कापला जावा लागतो.

आता पायाकडून आलेले हे बळ खांद्यापर्यंत न्यायचे आहे, आणि इथे सळई कामाला येते. सळईचा हातभर तुकडा उभा धरून वरून दाबा, काही होत नाही. बारा मीटरची अख्खी सळई उभी केली तर ती आपल्याच भाराने कमानीसारखी वाकते. पोलाद दोन्हीकडे तेच. लिओनहार्ड ऑयलर या गणितज्ञाने 1744 मध्ये याचे सूत्र मांडले : लांबी दुप्पट झाली की सळई पूर्वीच्या चौथाई भारातच बाक खाते. कॉलममधल्या रिंगांची कामे अनेक आहेत. त्यातले एक म्हणजे उभ्या सळईला थोड्या-थोड्या अंतरावर धरून ठेवणे, तिची मोकळी लांबी कमी करणे, तिला बाहेर फुगू न देणे.

माणसाचा कणा हीदेखील सांध्यासांध्यांची लांब सळईच आहे. म्हणून स्क्रममध्ये पाठ सपाट हवी. खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत, असा नियमच आहे. गुडघा साधारण 120 अंशात असला की रेटा चांगला बसतो. पाठीला बाक आला की पायांचे बळ पुढे जाण्याऐवजी तो बाक वाढवण्यातच खर्च होते, आणि मागच्या पाच जणांचा जोर त्यात भर घालतो. खेळाडू शेजाऱ्याच्या जर्सीला घट्ट पकडतात, त्या पकडीला रग्बीत ‘बाइंड’ म्हणतात. आपल्या कारागिराच्या तारेचे नाव आणि ही पकड, शब्द एक आणि कामही एकच.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरी जालन्यात झाली आणि बाला रफिक शेख यांनी गदा पटकावली. त्या कुस्त्या ज्यांनी पाहिल्या त्यांना वाकलेला पवित्रा वेगळा समजवायला नको. फरक इतकाच की पैलवान स्वतःचा तोल स्वतः सांभाळतो, इथे तो आठ जणांना मिळून सांभाळावा लागतो.

आणि आठ जणांचे बळ म्हणजे एकाच्या आठपट नव्हे. शेतीच्या कामात माणूस आणि जनावरे किती जोर लावतात हे मोजणाऱ्या माक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच शेती-अभियंत्याने 1913 मध्ये लिहून ठेवले, की आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला त्याच्या एकट्याच्या ताकदीच्या निम्मेच बळ येते. 2000 साली न्यूझीलंडच्या संशोधकांनी स्क्रम मोजला. तिथे आठ जणांच्या सुट्या बळांच्या बेरजेपैकी सुमारे 65 टक्केच हाती लागले. क्षण चुकतो, दिशा चुकते, कोणी थोडा अलीकडे जोर लावतो तर कोणी थोडा पलीकडे. मोंढ्यातले हमाल जड वस्तू सरकवताना एका सुरात ‘हय्या’ म्हणतात, ते एवढ्यासाठीच.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. भिडताना प्रत्येकाचे डोके समोरच्याच्या डोक्याच्या डाव्या बाजूला जाते. त्यामुळे दोन संघांचे रेटे एका सरळ रेषेत येत नाहीत, थोडे बाजूबाजूला पडतात. स्टेअरिंगवर एक हात वर आणि दुसरा खाली ढकलावा, तसे. साहजिकच अख्खा स्क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरू बघतो.

धोका आहे तो भिडण्याच्या क्षणी. बाथच्या मोजमापात तो पहिला धक्का साडेसोळा हजार न्यूटनपर्यंत गेला, म्हणजे टिकून राहणाऱ्या रेट्याच्या जवळपास दुप्पट. पुढची रांग कोसळली की हा सगळा भार मानेच्या मणक्यांवर येऊ शकतो, आणि तिथली इजा माणसाला कायमचे जायबंदी करू शकते. म्हणून 2013 पासून क्रम बदलला : वाका, बांधा, मग भिडा. समोरच्याला आधी पकडायचे आणि मगच भार टाकायचा. या बदलाने धक्का सुमारे पाव हिस्स्याने उतरला. रिंगा आवळल्याशिवाय कॉलमवर भार टाकायचा नाही, हे जालन्यातल्या सेंटरिंगवाल्याला आधीपासून ठाऊक होते.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सात जणांची रग्बी खेळतात. तिच्या स्क्रममध्ये एका बाजूला तिघेच असतात. एकोणीस वर्षांखालच्या मुलांच्या पंधरा जणांच्या सामन्यातही स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या शाळांत कोणी क्रीडाशिक्षक हा खेळ सुरू करणार असतील तर जरूर करावा. विनंती एकच आहे. प्रशिक्षित मार्गदर्शक मैदानावर असल्याखेरीज मुलांना स्क्रम करू देऊ नका. आणि तो आला तरी पहिले काही आठवडे तिघा-तिघांना नुसते वाकायला आणि एकमेकांना घट्ट धरायला शिकवा, रेटा नंतर.