सायकलीवरून जुनं जालना

आम्ही जालना एमआयडीसीजवळच्या बचत गटातल्या बाया. आमच्यातल्या काही जणी बियाणं निवडायच्या कामाला जातात, काही घरीच शिवणकाम करतात. रिक्षाचे पैसे वाचावेत म्हणून गटातून अंतर्गत कर्ज काढून आम्ही सायकली घेतल्या. चाळिशीत सायकल शिकताना पडलो, लोक हसले. पण एका रविवारी आम्ही पाच जणींनी ठरवलं, आज कामाला नाही, आपलं गाव बघायला जायचं.

कुंडलिका नदीमुळे गावाचे दोन भाग झालेत, जुना जालना आणि नवा जालना. जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद. तिथं सायकल बरी, हवं तिथं उतरता येतं, हातात धरून चालता येतं.

सगळ्यात आधी काळी मशीद पाहिली. ती जमशेद खानानं १५७८ साली बांधली. त्याच जमशेद खानानं मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांपर्यंत पाणी आणलं. तेव्हा वीज नव्हती, मोटार नव्हती. तलाव उंचावर, गाव उतारावर, म्हणजे पाणी आपल्या वजनानंच खाली येणार. हे कळलं तेव्हा आम्ही सगळ्या गप्प झालो. चारशे वर्षांपूर्वी पाणी हौदापर्यंत येत होतं, आणि आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावतो!

तिथून मस्तगड. हा किल्ला निजामाच्या काळात, १७२५ मध्ये काबील खानानं बांधला. आतल्या विहिरीला दालनं असल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे किल्ला बांधणाऱ्यानंही पाण्याचा विचार आधी केला. पुढं मूर्तिवेशीखालून सायकली काढताना आमच्यातली एक म्हणाली, "लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण वेस आजच नीट बघितली." खरंय. बाजाराला येतो, दवाखान्यात येतो, मान वर करून बघायला वेळच नसतो.

तुम्हालाही जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. हवा आणि ब्रेक आदल्या दिवशी तपासा. पदर, ओढणी कमरेला नीट खोचा, साखळीत अडकली की पडायला होतं. पाणी, दशम्या-चटणी सोबत घ्या. मशीद असो, मठ असो, आत जाण्याआधी विचारा. भिंतीवर कुणी नाव कोरत असेल तर थांबवा.

परत आल्यावर गटाच्या बैठकीत आम्ही एकच विषय घेतला, आपल्या वस्तीतली बुजलेली विहीर. गाळ काढायचा अर्ज ग्रामसभेत द्यायचं ठरलं, सह्याही झाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही गावात वेस असेल, गढी असेल, बारव असेल. एकदा बघून या. पाणी कुठून यायचं, तेवढं मात्र नक्की विचारा.