हॉटेल लाइनला असतो

लग्नाच्या बायोडाटात नोकरीच्या रकान्यात 'हॉटेल लाइन' असं लिहिलेलं दिसलं की रत्नागिरीकडचा मुलीचा बाप विचारतोच, 'म्हणजे नक्की काय?' उत्तर 'कुक' असलं तर बोलणी पुढे सरकतात. 'रिसेप्शनला असतो' म्हटलं तर चहाबरोबर लाडूही येतो. 'बारला असतो' म्हटलं की खोलीतले आवाज खाली येतात. म्हणून मग मुलगाच आधी 'हॉटेल लाइन' म्हणून मोकळा होतो.

या कामाला मराठीत धड शब्द नाही. 'कलाल' जातीत अडकला, 'गुत्तेवाला' शिवीत गेला, 'बारवाला' म्हटलं तर मालक की नोकर ते कळत नाही. गिऱ्हाईक 'भाऊ' म्हणतं, मालक 'काउंटरचा पोरगा' म्हणतो, मग पोरगा पन्नाशीचा का असेना. हॉटेलच्या काउंटरमागे आयुष्य काढून माणूस समाधानानं निवृत्त होऊ शकतो का, हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो आणि पुन्हापुन्हा या नावाच्या प्रश्नापाशीच येऊन थांबलो. पगाराचा प्रश्न खरा आहेच, पण तो सगळ्याच नोकऱ्यांत आहे.

एके काळी रत्नागिरीत या कसबाला नाव होतं. माडी काढणं आणि ती गाळणं हा भंडारी समाजाचा पिढीजात धंदा. माडावर रोज चढायचं, पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, तिचं टोक कोयतीनं कागदासारखं पातळ कापायचं, खाली मडकं लावायचं. काप जाड झाला तर पोय फुकट जाते. पहाटेची नीरा गोड असते, ऊन चढू लागलं की ती आंबते. कोणत्या वेळी काय उतरवायचं हे ज्याला कळतं त्याला अडाणी कोण म्हणेल? मग 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला. झाडांवरचा कर वाढला, गावठी भट्ट्या मोडल्या, गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या हाती गेला. कसब होतं तिथेच राहिलं, पण ते करणारा आता कायद्याच्या लेखी संशयित झाला. याच समाजातल्या भागोजीशेठ कीरांनी बांधकामाच्या ठेकेदारीत पैसा कमावला आणि 1931 मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभारलं. धंदा बदलला की प्रतिष्ठा कशी मिळते, याचं ते गावातच उभं असलेलं उदाहरण.

गंमत अशी की दारूविरुद्ध उभे राहिलेले दोन मोठे पुढारीही याच गावात जन्मले. टिळकांच्या पुढाकारानं 1908 मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन झालं. आणि बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पुढच्या काळात बंदी सैल झाली, कायदा मात्र राहिला. आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि राज्यातला प्रत्येक बार याच कायद्याखाली चालतो. बंदीच्या कायद्याखाली मिळालेली सूट, एवढंच बारचं कागदोपत्री अस्तित्व. पाटीवरचा 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला. पिणाऱ्याकडे परवाना हवा, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. जो धंदा सरकारी भाषेतच अपवाद आहे, तो करणाऱ्यानं बायोडाटात छाती काढून काय लिहावं?

काउंटरमागे काय चालतं ते आता बघू. दुपारी दार उघडण्याआधी आदल्या रात्रीचा शिल्लक साठा मोजायचा. बंद बाटल्या मोजणं सोपं, उघड्या बाटल्यांतला माल मिलिलिटरमध्ये नोंदवायचा. पेग 30 चा आणि मोठा 60 चा, म्हणजे 750 च्या बाटलीतून हिशेबानं 25 छोटे पेग निघायला हवेत. थेंब सांडतात, बर्फावर घाईत ओतताना माप चुकतं, गिऱ्हाईक 'जरा हात सोडून' म्हणतं. रात्री वही जुळली नाही तर फरक कुणाच्या खिशातून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात उत्पादन शुल्क खात्याचा निरीक्षक केव्हाही येऊन रजिस्टर मागू शकतो. समोरचा पोरगा पंचवीस वर्षांचा आहे का, हेही यानंच पाहायचं, कारण महाराष्ट्रात त्याआधी व्हिस्की-रम देता येत नाही आणि बिअरलाही एकवीस पूर्ण लागतात. आणि हे सगळं आठ-दहा तास उभं राहून. जुन्या बारमनच्या पायांच्या निळ्या, फुगलेल्या शिरा पाहिल्या की त्याच्या नोकरीची वर्षं वेगळी विचारावी लागत नाहीत.

सगळ्यात अवघड काम मात्र वहीत येत नाही. 'आता पुरे, काका' हे असं म्हणायचं की काकांचा मान राहील, टेबलवरचे बाकीचे हसणार नाहीत आणि उद्या काका परत येतील. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी 1983 मध्ये हवाई सेविकांवर लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. चेहऱ्यावर काय दिसावं हेही जिथे नोकरीचा भाग असतं, तिथला थकवा वेगळा असतो. विमानातला प्रवासी उतरून निघून जातो. परमिट रूममधला माणूस मात्र रोज त्याच खुर्चीवर येऊन बसतो आणि सकाळी मच्छीमार्केटात भेटला की ओळख दाखवत नाही.

मग टिकून कोण राहतं? संशोधक एमी व्रेझ्नेव्हस्की आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कामाकडे पाहण्याच्या तीन तऱ्हा त्यांनी मांडल्या: पोटापाण्याची नोकरी, चढायची शिडी आणि मनापासूनची ओढ. नवल याचं, की एकाच पदावरच्या कार्यालयीन सहायकांतही तिन्ही तऱ्हांची माणसं साधारण सारख्याच संख्येनं सापडली. समाधान पदात नाही, असं यावरून लगेच म्हणता येईल. मला ते अर्धंच पटतं. ओढ वाटायलाही आजूबाजूला कुणीतरी कामाची किंमत जाणणारं लागतं.

लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एडा कोलमन 1903 ते 1926 अशी तेवीस वर्षं अमेरिकन बारची प्रमुख होती. चार्ल्स हॉट्री या नटासाठी तिनं केलेलं 'हँकी पँकी' हे कॉकटेल आजही मागवलं जातं. तिच्यानंतर आलेल्या हॅरी क्रॅडॉकनं 1930 मध्ये पाककृतींचं पुस्तकच काढलं. तिथे बारमनच्या नावावर पेय जमा होतं, जसं आपल्याकडे घराण्याच्या नावावर बंदिश. आपल्याकडे मुंबईच्या ताजमधला हार्बर बार 1933 पासून आहे. त्याचं नाव सगळ्यांना माहीत, तिथे तीस-चाळीस वर्षं पेले पुसणाऱ्यांचं कुणाला? अपवाद शतभी बसू यांचा. 1980 च्या दशकात त्या मुंबईत बारच्या काउंटरमागे उभ्या राहिल्या, पुढे 'स्टर' ही प्रशिक्षण अकादमी चालवली, आणि देशातली पहिली महिला बारटेंडर म्हणून ओळखल्या गेल्या. दिल्लीत तर बारमध्ये बाईनं काम करण्यावर 1914 च्या पंजाब अबकारी कायद्यानं बंदी होती. ती उच्च न्यायालयानं मोडीत काढली आणि सर्वोच्च न्यायालयानं अनुज गर्ग खटल्यात 2007 साली त्यावर शिक्कामोर्तब केलं.

रत्नागिरीच्या पोराला शिडी हवी असेल तर ती बहुधा गावाबाहेर लागते. हा रस्ता जुना आहे. पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी रत्नागिरीकडचे असत आणि सलूनमधले, म्हणजे जेवण-पेय वाढणारे, गोव्याचे. आज क्रूझ जहाजांवर कोकणी पोरंही काउंटरमागे जातात. सहा ते नऊ महिन्यांचा करार, हातात डॉलर, आणि परत आल्यावर 'शिपवर असतो' हे सांगताना आवाज खाली जात नाही. काम तेच, बाटल्याही त्याच.

मागे राहिलेल्याला स्थैर्य तरी आहे का? सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको म्हटलं आणि 1 एप्रिल 2017 ला मुंबई-गोवा रस्त्यावरचे कितीतरी काउंटर एका रात्रीत बंद झाले. लहान गावांसाठी अंतर 220 मीटरवर आणलं गेलं, पुढे शहरांच्या हद्दीलाही सूट मिळाली. तोवर गेलेल्या महिन्यांचा पगार कुणी दिला, याची नोंद कुठल्या निकालात नाही.

या नोकरीला स्वतःचं पंचांग आहे. मे महिन्यात आंबेवाले आणि गणपतीपुळ्याचे पर्यटक. 1 जूनला ट्रॉलर किनाऱ्याला लागतात आणि मिरकरवाडा बंदराचं गिऱ्हाईक ओसरतं. मग आषाढ अमावस्येची गटारी, जिला काहीजण 'गतहारी' म्हणून सोवळ्यात घेतात. त्या रात्री काउंटरमागे जेवायलाही फुरसत मिळत नाही. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि बार रिकामा. पंधरा-वीस वर्षं काढलेल्या बारमनला विचारा, तो श्रावणाचीच वाट पाहतो. त्या महिन्यात तो मागच्या फळीवरची प्रत्येक बाटली उतरवतो, ओल्या फडक्यानं पुसतो, लेबल बाहेरच्या बाजूला येईल अशी परत लावतो. पेला दिव्यासमोर धरून डाग बघतो. नव्या पोराला पेग मेजर न वापरता पाण्याचे 30 मिलिलिटर ओतायला लावतो आणि मग मापात घालून दाखवतो, किती चुकला ते. पोरगा पुन्हा ओततो.