मोलप्रवाहाची एकके : उपसर्ग, लिपी आणि परिवर्तन

पदार्थाची किती राशी ठराविक काळात एका स्थानातून वाहून जाते, हे दर्शविणाऱ्या परिमाणास मोलप्रवाह म्हणतात. त्याचे मूळ एकक मोल प्रतिसेकंद हे होय. खतकारखान्यातील अभियंता तो किलोमोल प्रतितास या एककात मांडतो, रुग्णालयातील वैद्य मिलिमोल प्रतितास या एककात, तर जीवरसायनशास्त्रज्ञाचे काम नॅनोमोल प्रतिसेकंदावर भागते. एका एककातून दुसऱ्यात जाणे हा वरवर पाहता केवळ अंकगणिताचा प्रश्न आहे. परंतु त्यातील काही चुकांचे मूळ अंकांत नसून शब्दांत आणि लिपीत असते.

प्रथम गणिताकडे वळू. एका किलोमोलमध्ये १,००० मोल आणि एका मोलमध्ये १,००,००,००,००० नॅनोमोल असतात. म्हणजे एक किलोमोल हा नॅनोमोलच्या दहाचा बारावा घात इतक्या पट होय. एका तासात ३,६०० सेकंद असतात. यास्तव १ किलोमोल प्रतितास म्हणजे दहाच्या बाराव्या घाताला ३,६०० ने भागून येणारे सुमारे २७ कोटी ७८ लक्ष नॅनोमोल प्रतिसेकंद. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. अंशस्थानचे एकक लहान केले की संख्या वाढते. छेदस्थानचे एकक लहान केले की ती घटते. दोन्हीकडे गुणाकारच करण्याची चूक झाली, तर उत्तर ३,६०० च्या वर्गाइतके, म्हणजे १,२९,६०,००० पट फुगते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे दिलेली राशी आधी मोल प्रतिसेकंद या मूळ एककात आणावी आणि मग इष्ट एककात न्यावी.

उदाहरणार्थ, दिवसाला १,००० मेट्रिक टन अमोनिया तयार करणारा कारखाना घेऊ. अमोनियाचा मोलभार १७.०३ ग्रॅम असल्याने हा प्रवाह ताशी सुमारे २,४४७ किलोमोल, अर्थात सेकंदाला सुमारे ६८० मोल होतो. उलटपक्षी विकराच्या क्रियाशीलतेचे रूढ एकक मिनिटाला १ मायक्रोमोल, म्हणजे सेकंदाला १६.६७ नॅनोमोल एवढेच आहे. (ही क्रियाशीलता म्हणजे वाहता प्रवाह नव्हे, मात्र दोहोंची मिती एकच आहे. तिच्या मोजमापासाठी मोल प्रतिसेकंदास १९९९ मध्ये ‘कॅटल’ हे स्वतंत्र नाव देण्यात आले.) या दोन राशींत सुमारे ४,०८० कोटी पटींचे अंतर आहे.

एवढे अंतर तोलून धरण्याचे काम उपसर्ग करतात. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एककपद्धती स्वीकारली गेली, तेव्हा लघुत्वदर्शक उपसर्ग पिकोपर्यंत पोचले होते. १९६४ मध्ये फेम्टो व अ‍ॅटो, १९९१ मध्ये झेप्टो व योक्टो आणि २०२२ मध्ये रोंटो व क्वेक्टो यांची भर पडली. ‘नॅनो’च्या मुळाशी ग्रीकमधील खुजा माणूस आहे, तर ‘फेम्टो’ आणि ‘अ‍ॅटो’ हे डॅनिश भाषेतील पंधरा व अठरा या संख्यावाचकांवरून आले आहेत.

भारतीय परंपरेने मोठ्या संख्यांना नावे देण्यात मुळीच कुचराई केलेली नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील मालिका परार्धापर्यंत, म्हणजे दहाच्या सतराव्या घातापर्यंत जाते. लहान राशींसाठी मात्र मराठी त्याच नावांना ‘अंश’ जोडून सहस्रांश, लक्षांश, कोट्यंश असे शब्द घडविते. अडचण अशी की व्यवहारातील मराठी गणना हजारानंतर शंभराच्या टप्प्यांनी चढते आणि उपसर्ग हजाराच्या टप्प्यांनी. सहस्रांश म्हणजे मिलि आणि अब्जांश म्हणजे नॅनो, हे जुळते. पण लक्षांश व कोट्यंश यांना उपसर्गच नाही. ‘मायक्रो’साठी दशलक्षांश म्हणावे लागते, आणि त्यातील ‘दश’ गळाला की राशी दसपट होते.

याहून गंभीर प्रश्न संक्षेपांचा आहे. रोमन लिपीत ‘एम’ हे अक्षर मोठे लिहिल्यास मेगा आणि लहान लिहिल्यास मिलि असा अर्थ होतो. ‘मायक्रो’साठी ग्रीक ‘म्यू’ योजतात. देवनागरीत लहानमोठ्या अक्षरांचा भेदच नाही. मेगा, मिलि, मायक्रो, मोल आणि मिनिट हे पाचही शब्द ‘म’नेच सुरू होतात. ‘मि.’ म्हणजे मिलि की मिनिट, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

‘मोल’ या शब्दालाही दोन अर्थ आहेत : एक ‘मूल्य’ या संस्कृत शब्दापासून आलेला, दुसरा रेणुवाचक जर्मन शब्दाचा संक्षेप. पण तेथे घोटाळा होत नाही. कारण संदर्भ अर्थ निश्चित करतो. ‘मि.’च्या बाबतीत मिलि व मिनिट हे दोन्ही अर्थ एकाच संदर्भात, किंबहुना एकाच पदसमूहात संभवतात. म्हणून तेथे संदर्भ निरुपयोगी ठरतो.

याचे मोल किती, हे एका उदाहरणावरून कळेल. हाताच्या शिरेवाटे पोटॅशियम देताना सामान्यतः ताशी १० मिलिमोल एवढी मर्यादा पाळतात. म्हणजे सेकंदाला अवघे २.७८ मायक्रोमोल. तासाऐवजी मिनिट वाचले गेल्यास मात्रा साठपट होते, आणि पोटॅशियमच्या अतिरेकाने हृदयक्रिया बंद पडू शकते.

एककाचे चिन्ह हा शब्दाचा संक्षेप नव्हे. ते गणिती चिन्ह असून सर्व भाषांत एकच असते. नाव मात्र प्रत्येक भाषेने आपल्या परीने लिहावे. यास्तव मराठी शास्त्रीय लेखनात दोनच मार्ग निर्दोष ठरतात : आंतरराष्ट्रीय चिन्ह जसेच्या तसे ठेवणे, किंवा ‘मिलिमोल प्रतिमिनिट’ असे पूर्ण नाव लिहिणे. या दोहोंमधला, टिंब देऊन अक्षरे वाचविण्याचा मार्ग सोयीचा वाटला, तरी त्यात वाचते ती शाई; अर्थ वाचतोच असे नाही.