वाहनचोरीस प्रतिबंध : गजरयंत्राची निवड कशी करावी?

मोटार अथवा दुचाकी ही आज गोव्यातील कुटुंबाच्या दृष्टीने चैनीची वस्तू राहिलेली नाही. काणकोणहून मडगावला नोकरीस जाणारा कारकून असो, मापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल आणणारा टेंपोचालक असो, की प्रवाशांची ने-आण करणारा टॅक्सीवाला असो, प्रत्येकाचा दिवस वाहनावर अवलंबून असतो. यांपैकी पुष्कळ वाहने कर्जाऊ रकमेतून घेतलेली असतात. वाहन चोरीस गेले म्हणून कर्जाचा हप्ता थांबत नाही. मिळकतीचे साधन जाते आणि देणे मात्र उरते. वाहनाच्या सुरक्षिततेचा विचार चोरी झाल्यानंतर नव्हे, तर वाहन घेतानाच करावयाचा तो याच कारणास्तव.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. पत्रादेवी, दोडामार्ग, चोर्ला घाट, मोले आणि पोळे या मार्गांनी राज्यातील कोणत्याही शहरातून काही तासांच्या आत शेजारच्या राज्यात पोहोचता येते. रात्री अकरा वाजता गेलेले वाहन सकाळी मालकाच्या लक्षात येते, तोपर्यंत ते राज्याबाहेर गेलेले असण्याचा संभव असतो. साहजिकच वाहन जागेवरून हलूच न देणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.

गजराचे कार्य आणि त्याची मर्यादा

गजरयंत्र बसविले की वाहन सुरक्षित झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. वाहनाच्या संरक्षणाची कामे तीन : चोरीच्या प्रयत्नाची सूचना देणे, इंजिन सुरू होऊ न देणे आणि वाहन गेलेच तर त्याचा ठावठिकाणा कळविणे. गजरयंत्र यांपैकी केवळ पहिले काम करते. भोंगा वाजला आणि तो ऐकणारे कोणी नसले, अथवा ऐकूनही कोणी खिडकी उघडली नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. तथापि चोराला वेळ, अंधार आणि शांतता या तीन गोष्टी हव्या असतात. चांगला गजर त्यांपैकी शांतता हिरावून घेतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेही चोर माघार घेतो.

गजरयंत्राचे भाग साधे असतात. दारे, डिकी आणि बॉनेट यांना लावलेल्या कळा ती उघडल्याचे कळवितात. धक्का ओळखणारा संवेदक काच फोडल्यास जागा होतो. काही यंत्रांत वाहन तिरपे झाल्याचे ओळखणारा संवेदकही असतो. चाके काढणाऱ्यास किंवा वाहन उचलून नेणाऱ्यास तो उपयोगी पडू देत नाही. या सर्वांचे संदेश नियंत्रक पेटीकडे जातात आणि ती भोंगा व दिवे चालू करते.

निवड करताना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट भोंग्याची. ज्या भोंग्यास वाहनाच्याच बॅटरीतून वीज मिळते, तो बॅटरीची तार तोडताच मुका होतो. भोंग्यात स्वतंत्र बॅटरी असावी आणि मुख्य तार तुटताच तो आपणहून वाजावा. दुसरी गोष्ट बॉनेटच्या कळीची. खर्च वाचविण्यासाठी ती कित्येकदा गाळली जाते. परंतु बॅटरी बॉनेटखालीच असल्याने ही कळ नसणे म्हणजे घराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट संवेदनक्षमतेची. पावसाळ्यातील मेघगर्जनेने किंवा शेजारून ट्रक गेल्याने वाजणारा गजर आठवड्याभरात शेजाऱ्यांच्या कानांना सवयीचा होतो, आणि मग खऱ्या चोरीच्या वेळीही कोणी उठत नाही. म्हणून संवेदकाची तीव्रता कमी-अधिक करता येईल असेच यंत्र घ्यावे. भोंगा अखंड वाजत राहणेही इष्ट नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या चौकटीतील वाहननियमांत गजराच्या ध्वनीचा काळ २५ ते ३० सेकंद ठरविला आहे, तो योग्य म्हणावा लागेल.

चौथी गोष्ट दूरनियंत्रकाची. जुन्या प्रकारचा दूरनियंत्रक प्रत्येक वेळी तोच संकेत पाठवितो. जवळपास उभा असलेला मनुष्य तो संकेत यंत्राने टिपून पुन्हा वापरू शकतो. प्रत्येक वेळी संकेत बदलणारी पद्धत असलेलेच यंत्र घ्यावे. पाचवी गोष्ट जोडणीची. गोव्यातील दमट, खारट हवेत उघडे सांधे लवकर गंजतात. तारा कापून नुसत्या चिकटपट्टीने जोडणाऱ्या कारागिराकडून काम करून घेऊ नये. अशा जोडणीमुळे वाहनात शॉर्टसर्किट होण्याचा धोका असतो, शिवाय वाहनाची हमी रद्द होऊ शकते. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रमाणित केलेले उपकरण असल्यास विमा कंपनीकडे हप्त्यातील सवलतीबाबत चौकशी अवश्य करावी.

इंजिन रोखणारी यंत्रणा

दुसरे काम इमोबिलायझर करतो, आणि चोरी रोखण्यात त्याचा वाटा गजराहून मोठा आहे. चावीच्या मुठीत एक सूक्ष्म चकती असते. तिला बॅटरी लागत नाही. चावी कुलपात घातली की कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते व ती आपला संकेत कळविते. संकेत जुळला तरच इंजिनाचा नियंत्रक इंधन आणि ठिणगी यांस परवानगी देतो. पूर्वी तारा एकमेकींस जोडून गाडी सुरू करता येत असे. या यंत्रणेपुढे ती युक्ती चालत नाही. युरोपीय समुदायाच्या देशांत १९९८ पासून, ऑस्ट्रेलियात २००१ पासून आणि कॅनडात २००७ पासून नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची करण्यात आली. जुनी मोटार विकत घेताना ती आहे किंवा नाही, हे गजराच्याही आधी विचारावे.

चावी खिशात ठेवूनच दार उघडणाऱ्या मोटारींपुढे मात्र नवा प्रश्न उभा राहिला आहे. अशी मोटार मंद संकेताने चावीस साद घालते व चावी तिला उत्तर देते. दोघे चोर दोन यंत्रे घेऊन, एक घराच्या भिंतीजवळ व दुसरा मोटारीजवळ उभा राहून, ही साद-प्रतिसाद लांबवू शकतात. चावी घरातच असते आणि मोटार मात्र तिला जवळ समजून दार उघडते. झुरिच येथील संशोधकांनी २०११ मध्ये दहा नमुन्यांच्या मोटारींवर हे प्रत्यक्ष करून दाखविले. उपाय सोपा आहे. रात्री चावी दाराजवळील खुंटीवर टांगू नये. घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात किंवा संकेत अडविणाऱ्या पिशवीत ठेवावी, आणि डब्यात ठेवून दार उघडते का, हे एकदा पडताळून पाहावे.

साधी कुलपे आणि ठावठिकाणा

विजेच्या यंत्रांमुळे लोखंडी कुलपांचे महत्त्व कमी झालेले नाही. सुकाणूचक्राचा दांडा, गिअरचे कुलूप आणि दुचाकीच्या डिस्कचे कुलूप ही बाहेरून दिसतात, व दिसणे हाच त्यांचा मोठा गुण होय. चोर शेजारची, कुलूप नसलेली गाडी शोधतो. दुचाकीची चावी आसनाखाली किंवा पायपुसण्याखाली ठेवण्याची सवय मात्र कोणतेही कुलूप निकामी करते.

तिसरे काम ठावठिकाणा कळविणाऱ्या उपकरणाचे. उपग्रहांच्या संकेतांवरून ते स्थान काढते आणि भ्रमणध्वनीच्या जाळ्यातून मालकास कळविते. ते सहज दिसणार नाही अशा जागी बसवावे, त्यात राखीव बॅटरी असावी आणि त्याच्या सिमकार्डाची मुदत संपू देऊ नये. वाहन कोठे आहे हे कळल्यास मालकाने स्वतः पाठलाग करू नये. ११२ या क्रमांकावर पोलिसांस ती माहिती द्यावी.

१ एप्रिल २०१९ पासून निर्माण झालेल्या वाहनांस उच्च सुरक्षा नोंदणीपट्टी सक्तीची आहे. तिचे खटके एकदा बसविल्यावर न मोडता काढता येत नाहीत आणि तिच्यावर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. शोभिवंत अक्षरांच्या हौसेपोटी ही पट्टी बदलणारा वाहनधारक चोराचेच काम सुलभ करतो.

चोरी झालीच तर

चोरी लक्षात येताच प्रथम पोलिसांकडे तक्रार नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्यात तक्रार देता येते. बेळगावात किंवा सावंतवाडीत वाहन गमावलेल्या गोमंतकीयास ही तरतूद उपयुक्त आहे. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलेल्या माहितीवर तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते. प्रथम खबरी अहवालाची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. माल वा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीस भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ अन्वये सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.

त्यानंतर विमा कंपनीस लगेच लेखी कळवावे. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा चोरीची भरपाई देत नाही, ही गोष्ट कित्येकांस चोरीनंतरच कळते. त्यासाठी सर्वंकष विमा हवा. एका ट्रॅक्टरच्या चोरीच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये असा निर्णय दिला, की पोलिसांत तक्रार तत्काळ नोंदविलेली असेल, तर केवळ विमा कंपनीस उशिरा कळविले या कारणास्तव खरा दावा नाकारता येणार नाही. यातून पोलिस तक्रारीचे महत्त्व स्पष्ट होते. विमा कंपनीस कळविण्यात दिरंगाई करण्याची मुभा मात्र त्यातून काढू नये. दाव्याच्या वेळी कंपनी वाहनाच्या सर्व चाव्या मागते. चावी वाहनातच राहिली असल्यास निष्काळजीपणाचा मुद्दा उपस्थित होतो आणि दावा अडचणीत येतो.

जुने वाहन घेणाऱ्यानेही सावध असावे. चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. ते खरवडलेले दिसल्यास सौदा सोडून द्यावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार हस्तांतराची नोंद ठरलेल्या मुदतीत करून घ्यावी. स्वस्त मिळाले म्हणून घेतलेले चोरीचे वाहन जप्त होते आणि दिलेले पैसे परत मिळण्याची शाश्वती नसते.

थोडक्यात, एकाच साधनावर विसंबून न राहता इमोबिलायझर, स्वतंत्र बॅटरीचा गजर, बाहेरून दिसणारे एक लोखंडी कुलूप आणि सर्वंकष विमा या चार गोष्टींची सांगड घालावी. यांत सर्वांत स्वस्त आहे ती वाहनातून उतरताना चावी काढून घेण्याची, काचा चढविण्याची आणि कुलूप ओढून पाहण्याची सवय. तिला अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तिच्याअभावी बाकीचा सारा खर्च वाया जाऊ शकतो.