गोधडी उलगडा, मनही उलगडेल

दवाखान्यात काही पेशंट असे येतात की त्यांचा आजार तपासणीत सापडत नाही. नाडी बरोबर, छाती साफ, रक्ताचा रिपोर्ट व्यवस्थित. पण पेशंट मात्र बरा नसतो. अशाच एका आजींची ही हकिगत आहे. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

लोणार तालुक्यातील सुलतानपूरला माझा दवाखाना आहे. आजी दर मंगळवारी यायच्या. रक्तदाबाची गोळी चालू होती, ती त्या नेमाने घेत. तक्रारी मात्र दर वेळी नव्या. कधी डोके, कधी गुडघे, कधी छातीत धडधड. "डाक्टरसायब, रातभर डोळ्याले डोळा लागत नाई. तोंडाले चव नाई." मी त्यांना मेहकरला पाठवून रक्त तपासून घेतले, छातीची पट्टी काढली. काही निघाले नाही. शेवटी झोपेची गोळी लिहून दिली. त्या घरात एकट्या आहेत, धनी जाऊन वर्ष होत आले आहे, हे मला ठाऊक होते. पण त्याबद्दल मी त्यांना कधी दोन शब्द विचारले नव्हते. बाहेर रांग असते, वेळ नसतो, ही आम्हा डॉक्टरांची नेहमीची सबब.

मग तीन मंगळवार आजी आल्याच नाहीत. मला काळजी वाटली. चौथ्या आठवड्यात बाजारात भेटल्या तेव्हा विचारले, तर हसून म्हणाल्या, "आता मंगळवारी येळ नसते. गोधड्या पाहाले जातो आमी."

ओसरीवरची बैठक

हा प्रकार काय आहे, हे मला लवकरच पाहायला मिळाले. आमच्या घरची मंडळीही तिथे जाऊ लागली होती. "बायांना रक्तदाबावर चार शब्द सांगा आणि सगळ्यांचा तपासून द्या," असा हुकूम झाला. मी यंत्र घेऊन गेलो.

एका घराची सारवलेली ओसरी. नऊ-दहा बाया. ना फलक, ना अध्यक्ष. कुणाच्या मांडीवर अर्धवट गोधडी, कुणाच्या पिशवीत शिंप्याकडून आणलेली कातरण. नियम एवढाच की हातातले काम प्रत्येकीने उलगडून दाखवायचे. दोघींनी दोन टोके धरायची, आणि जिची गोधडी तिने कोणता तुकडा कशाचा ते सांगायचे.

गोधडी कशी होते हे आपल्या भागात सांगायला नको. खाली जुन्या लुगड्याचा अस्तर, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर, वर जोडलेले तुकडे. कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि फेऱ्यामागून फेरा घेत मधोमध यायचे. सुगी आटोपली की पेरणीपर्यंत घरोघरी हे काम चालायचे. आता बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते, सिंथेटिक साड्यांचा टाका नीट बसत नाही, आणि शिवायला बसणारी बाई घरात एकटी पडते. त्यामुळे सुई कोनाड्यात राहिली होती.

एका सुनेने बाळाचे दुपटे दाखवले. एकीने लेकीसाठी शिवलेली गोधडी दाखवली. टाके वाकडे गेले म्हणून तिला सगळ्या हसल्या, तीही हसली. मग आमच्या आजींची पाळी आली. त्यांनी गोधडी उलगडली आणि बोट ठेवून सांगू लागल्या, "हे त्यायचं धोतर. हे माह्या लग्नातलं लुगडं. हा पोरीचा परकर. वर्षभर धोतराले कैची लावाची हिंमत झाली नाई."

ओसरीवर कुणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने शेजारची म्हणाली, "काय बारीक टाका हाये माय!" आणि आजींना रडू कोसळले. धनी गेल्यावर आपण असे रडलोच नव्हतो, हे त्यांनी मला नंतर सांगितले. दिवसकार्यात पाहुण्यांचे करण्यात वेळ गेला, आणि नंतर रडावे तर समोर कोणी नव्हते.

रक्तदाबावरचे माझे चार शब्द त्या दिवशी राहूनच गेले.

हात गुंतले की मन मोकळे होते

वाचकहो, गोधडीने रोग बरा होतो असे मी म्हणत नाही. आजींची रक्तदाबाची गोळी आजही चालू आहे. पण एकटेपणा हा शरीराला जाळणारा प्रकार आहे, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली या विषयावर अहवाल प्रसिद्ध केला. जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि वर्षाला आठ लाख एकाहत्तर हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध आहे, असे त्यात म्हटले आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, उदासीनता आणि विसराळूपणा यांचा धोका त्याने वाढतो. हा शहरातलाच आजार आहे असे समजू नये. मुले पुण्या-मुंबईला गेली की खेड्यातला वाडाही ओस पडतो.

दुसरी गोष्ट मेंदूची. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील शाखेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ ते नव्वद वयाच्या २२१ माणसांवर एक अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, काहींना रजई शिवायला शिकवले, काहींना कॅमेऱ्याचे तंत्र, काहींना दोन्ही. काही जण नुसते एकत्र जमून गप्पागोष्टी करत, काही घरी बसून कोडी सोडवत. शेवटी, नवे आणि अवघड काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. कॅमेरा शिकणाऱ्यांत हा फरक अधिक होता, हेही खरे. सांगायचा मुद्दा असा की उतारवयातही मेंदूला नवे काम लागते, नुसता विरंगुळा पुरत नाही. तेव्हा जिला गोधडी येते तिने नवा नमुना शिकावा, आणि जिला येत नाही तिने गोधडीच शिकावी.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते दाखवणे. घरात बसून शिवलेली गोधडी कपाटात जाते. चार जणींपुढे उलगडली की तिच्यासोबत आयुष्यही उलगडते. समोरासमोर बसून "तुम्हाला काय दुःख आहे?" असे विचारले तर माणूस गप्प होतो. हात कामात असले, नजर टाक्यावर असली, की तेच आपसूक तोंडातून निघते. दवाखान्यात स्टुलावर बसवून मी जे विचारले नाही, ते एका धोतराच्या तुकड्याने विचारले.

हे जगात इतरत्रही घडले आहे. अमेरिकेत एड्सने माणसे मरत होती आणि उघड शोक करायचीही लोकांना लाज वाटत होती. तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांच्या पुढाकाराने, गेलेल्या प्रत्येकासाठी त्याच्या माणसांनी कापडाचा एकेक तुकडा शिवायला घेतला. तुकडा तीन फूट बाय सहा फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. कुणी त्यावर शर्ट शिवला, कुणी नाव. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मैदानावर असे १,९२० तुकडे अंथरले गेले. आमच्या आजींनी हे कधी ऐकले नव्हते, तरी केले तेच.

गोधडी पुरत नाही तेव्हा

दुःख आणि आजार यांतला फरक घरच्यांनी ओळखावा. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास, कशातच रस नाही, भूक-झोप गेलेली, सारखा थकवा, "मी सगळ्यांना भार झालो" असे बोलणे, मरणाच्या गोष्टी, ही उदासीनतेच्या आजाराची लक्षणे आहेत. त्याला औषध आहे आणि ते गुण देते. अशा वेळी बैठकीवर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा असेल तर त्या माणसाला एकटे सोडू नये, आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत.

२००६ साली केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यात आपला बुलढाणा होता. ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातली बाई कर्ज, शेत आणि लेकरे यांत स्वतःचे दुःख गिळून टाकते. तिला बोलवायला गोधडीचे निमित्त फार चांगले आहे. "सांत्वनाला येतो" म्हटले तर ती दार लावून घेईल. "टाका घालायला ये" म्हटले तर येईल. शिवाय १४४१६ हा टेली-मानसचा फोन आहे. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येते. नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवा.

झोपेच्या गोळीबद्दलही सांगतो. उतारवयात तिने तोल जाऊन पडण्याची भीती असते. म्हणून स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये, आणि एकदम बंदही करू नये. आजींची गोळी मी हळूहळू कमी करत सोडवली.

शिवताना एवढे सांभाळा

चाळिशीनंतर सुईत दोरा ओवताना त्रास होतो, तो चष्म्याचा नंबर आहे. डोळे तपासून चष्मा घ्यावा, दुसऱ्याचा लावू नये. दर वीस मिनिटांनी नजर वर करून अंगणातल्या झाडाकडे पाहावे. पाठीला भिंतीचा टेकू घ्यावा, मान फार वाकवू नये, अर्ध्या तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात. मधुमेह असलेल्यांच्या बोटांची जाणीव कमी झालेली असते, सुई टोचलेली कळत नाही. शिंपी बोटात घालतात ते अंगुस्तान त्यांनी जरूर वापरावे. गंजकी सुई टोचली तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या लशीची चौकशी करावी.

दमेकऱ्याने जुनी गाठोडी स्वतः झटकू नयेत. जुन्या गोधडीत धूळ आणि डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांनी दमा उसळतो. नुसते ऊन दाखवून ते पुरते जात नाहीत. कडक गरम पाण्यात धुऊन मगच कडक उन्हात वाळवावे. घरात कुणाला खरूज झाली असेल तर सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवावे. धुता येत नसेल ते प्लास्टिकच्या पोत्यात चार-पाच दिवस घट्ट बांधून ठेवावे. आणि वर्षाच्या आतील बाळाला उताणे झोपवावे. दुपटे त्याच्या तोंडावर येईल असे घालू नये, जड गोधडी तर नकोच.

याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या अंगावर चिंध्या होत्या, पण हातात खराटा होता. चिंधीत लाज नाही, घाणीत आहे, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

बैठक सुरू करायला पैसा लागत नाही. एक ओसरी, ठरलेला वार आणि पाच बाया पुरेत. बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास बसले तरी चालते. ज्या घरात नुकतेच कुणी गेले आहे, तिथे आधी बोलावणे करावे. पुरुष मंडळींनी टिंगल करू नये. जमले तर चहा ठेवावा.

परवा आजी दवाखान्यात आल्या. रक्तदाब बरोबर होता. निघताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "डाक्टरसायब, तुमच्या जुन्या सदऱ्यायचं काय करता? पुढच्या गोधडीले कापड कमी पडते." मी दोन सदरे दिले आहेत.