वाड्यावस्त्यांवरचें बिनतारी जाळें

श्रोते हो, या घटकेस माझे शब्द आपल्या घरीं येत आहेत ते कोणत्याही तारेवरून नव्हे. नभोवाणीचें केंद्र एके ठिकाणीं बोलतें आणि हजारों घरें ऐकतात. श्रोत्यास उलट कांहीं सांगावयाचें झालें तर त्यानें पोस्टकार्ड लिहावें! आज मी ज्या बिनतारी यंत्रणेविषयीं बोलणार आहें, तींत मात्र प्रत्येक घर ऐकतें आणि प्रत्येक घर बोलतेंही. फरक दिसावयास एवढासाच; पण त्यामुळें सारा कारभार कसा पालटतो, आणि त्यांत सर्वांत दूरच्या घराचें काय होतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

मी यंत्रशास्त्राचा अभ्यासक नव्हे. मॅट्रिक झालों, शिक्षकाची सनद घेतली आणि उभें आयुष्य खडूच्या धुळींत घालविलें. परंतु माझा एक जुना विद्यार्थी आमच्या भागांत लहानसें बिनतारी इंटरनेटचें जाळें चालवितो. सेवानिवृत्तीनंतरच्या रिकामपणांत त्याच्या मागोमाग टेकड्या चढलों, नाना प्रश्न विचारून त्यास भंडावून सोडलें, आणि वहींत जें टिपून ठेवलें तें आज आपणांपुढें ठेवतों.

आमच्या धाराशिव जिल्ह्याचा बराच भाग बालाघाटाच्या डोंगरपठारानें व्यापिला आहे. सोलापुराहून तुळजापुरास येणाऱ्या यात्रेकरूस जो घाट चढावा लागतो तो याच पठाराचा कांठ. कांठावर उभें राहिलें कीं खालचीं गांवें तळहातावर ठेवल्यासारखीं दिसतात. उलट पठारावरच्या ओढ्याखोऱ्यांत कोसावरचें गांवही पुष्कळदां दिसत नाहीं. ही गोष्ट लक्षांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे. दुसरी गोष्ट वस्तीची. गांव एके ठिकाणीं, आणि शेतांतून विखुरलेल्या वस्त्या त्याच्या चहूंकडे. केंद्र सरकारनें २०११ सालीं देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना मंजूर केली. तीस पुढें भारतनेट हें नांव मिळालें. पण ग्रामपंचायतीच्या कचेरीपाशीं तार आली म्हणजे शेतवस्तीवरच्या घरांत ती आली, असें होत नाहीं. पांच-सात घरांसाठीं कोसभर चर खणावयाचा कोणीं? आणि खणलाच, तर पुढल्या वर्षीं रस्ता रुंद करावयास आलेला जेसीबी एका घासांत ती तार तोडून जातो. बिनतारी जाळ्याचें काम सुरू होतें तें येथून.

त्याची रचना ऐकावयास सोपी आहे. तालुक्याच्या गांवीं फायबरवरून ठोक भावानें इंटरनेट घ्यावयाचें. तेथून टेकडीवरच्या टॉवरकडे थाळीच्या आकाराची एक अँटेना रोखावयाची. टॉवरवर चहूं दिशांस तोंड केलेलीं यंत्रें बसवावयाचीं. आणि गिऱ्हाइकाच्या छपरावर वीत-दीड वीत आकाराचें एक यंत्र टॉवरकडे तोंड करून बांधावयाचें. त्यापासून तार उतरते ती घरांतल्या राउटरपर्यंत. झालें!

हवा सर्वांची असली तरी तींतल्या लहरी मात्र सर्वांच्या नव्हत्या. बिनतारी प्रेषक चालवावयाचा म्हणजे सरकारी परवाना हवा. पुढें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, २००७ सालीं पांच गिगाहर्ट्झमधला एक अरुंद पट्टा, आणि २०१८ च्या ऑक्टोबरांत त्याच पांच गिगाहर्ट्झचा बराच विस्तृत भाग भारत सरकारनें ठराविक शक्तीच्या मर्यादेंत परवान्यावांचून वापरण्यास मोकळा केला. या धंद्यांत लहान माणसास पाय ठेवावयास जागा झाली ती या निर्णयांमुळें. तथापि लहरी मोकळ्या झाल्या म्हणून धंदाही मोकळा झाला, असा समज कोणीं करून घेऊं नये. इंटरनेट विकण्यास सरकारी परवाना लागतोच; त्यांतल्या सर्वांत लहान वर्गाचें प्रवेशशुल्क २०१३ च्या एकत्रित परवानापद्धतींत २० हजार रुपये ठरलें होतें. पुष्कळजण स्वतः परवाना न काढतां एखाद्या मोठ्या परवानाधारकाचे प्रतिनिधि म्हणून काम करतात. शिवाय गिऱ्हाइकांचीं ओळखपत्रें घ्यावयाचीं, कोण केव्हां जोडला गेला याच्या नोंदी ठेवावयाच्या. या नोंदी जपण्याची मुदत २०२१ च्या डिसेंबरांत एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. माझा हा विद्यार्थी शाळेंत गृहपाठाची वही कधीं धड ठेवीत नसे. आतां त्याचें दप्तर पाहून मला मनांतल्या मनांत हसूं येतें.

आतां मघांची डोंगराची गोष्ट. पांच गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी पांच-सहा सेंटिमीटर. लहर जितकी आखूड तितकी ती प्रकाशासारखी वागते. ती डोंगर ओलांडीत नाहीं, झाडास वळसाही घालीत नाहीं. म्हणून छपरावरून टॉवर डोळ्यांस दिसला पाहिजे, हा पहिला नियम. परंतु नुसतें दिसणेंही पुरत नाहीं. दोन अँटेनांमधला लहरींचा मार्ग दोरीसारखा बारीक नसून सुताच्या चातीसारखा मध्यें फुगलेला असतो. अंतर दहा किलोमीटर असलें तर मध्यभागीं या फुगवट्याची त्रिज्या सुमारें ११ मीटर भरते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग, म्हणजे सरळ रेषेच्या चहूं बाजूंस सुमारें सात मीटर, मोकळा असावा लागतो. मध्यें एखाद्या चिंचेचा शेंडा त्या रेषेखालीं तीन मीटरपर्यंत आला, तर डोळ्यांस पलीकडचा टॉवर स्वच्छ दिसत असूनही जोडणी आजारी पडते. उन्हाळ्यांत जुळविलेली उत्तम जोडणी श्रावणांत रडूं लागते, आणि लोक पावसास दोष देतात. वास्तविक एवढ्या लांबीच्या लहरीस पावसाच्या थेंबांचा अडथळा फारसा होत नाहीं. अडथळा होतो तो वाढलेल्या, भिजलेल्या पानांचा. नाहीं तर तारेच्या सांध्यांत शिरलेल्या पाण्याचा.

येथवर सारा भूमितीचा प्रश्न झाला, आणि भूमिति सोडवितां येते. खरी अडचण प्रत्येक घर बोलतें या गोष्टींत आहे. १९७१ सालीं हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं बेटांवरचीं यंत्रें बिनतारीनें मुख्य संगणकाशीं जोडलीं. तेव्हां प्रश्न आला तो हाच: दोन यंत्रें एकाच वेळीं बोललीं तर दोहोंचा निरोप वायां जातो. त्यांनीं नियम केला कीं, निरोप पोंचल्याची खूण न आल्यास प्रत्येकानें थोडा वेळ, पण आपापला निरनिराळा वेळ, थांबून पुन्हां बोलावें. वर्गांत सगळीं मुलें एकदम ओरडूं लागलीं म्हणजे शिक्षक काय करतो? हजेरीप्रमाणें एकेकास बोलावतो. आजच्या टॉवरवरचीं पुष्कळ यंत्रें असेंच करतात; ठरलेल्या क्रमानें प्रत्येक घरास क्षणाचा अगदीं बारीक वांटा देतात. गिऱ्हाईक समजतो कीं आपण वेग विकत घेतला. खरें पाहतां त्यानें घेतलेला असतो टॉवरच्या वेळेंतला वांटा.

हें मला पुस्तकांतून समजलें नाहीं. २०२० च्या मार्चांत शाळा बंद झाल्या आणि शिकवणें मोबाइलवर गेलें. गांवापासून कोस-सव्वा कोसावर सात घरांची एक वस्ती आहे. तेथल्या दोघी बहिणी रोज माळावरच्या खंडोबाच्या ओट्यावर जाऊन बसत, कारण तेवढ्याच जागीं मोबाइलला रेंज येई. मीं विद्यार्थ्यास बोलावून रागें भरलों. म्हटलें, "अरे, सगळ्या गांवाला नेट देतोस आणि या पोरींना नाहीं?" तो म्हणाला, "देतो की, गुरुजी. पण मग गांवाचं काय होतं, ते बघायला या."

त्यानें वस्तीवर यंत्र बसविलें. मध्यें जमिनीचा चढ, त्यावर झाडी. जोडणी झाली, पण अशक्त. त्याच संध्याकाळीं गांवांतून फोनांवर फोन येऊं लागले कीं नेट चालत नाहीं. टॉवरच्या पायथ्याशीं बसून त्यानें मला लॅपटॉपवरचे आंकडे दाखविले. जवळच्या घराशीं टॉवर सेकंदास १०० मेगाबिटांच्या वेगानें बोलत होता. त्या वस्तीशीं अवघ्या १० च्या. म्हणजे शंभर मेगाबिटांचा एक धडा जवळच्या घरांत एका सेकंदांत उतरे आणि वस्तीवर दहा सेकंदांत. आणि ते दहा सेकंद बाकीचीं घरें खोळंबून बसत. शुद्धलेखन सांगतांना एक मुलगा फार सावकाश लिहिणारा असला म्हणजे सगळा वर्ग लेखणी धरून बसतो, तसेंच हें. सर्वांस सारखा वेळ देण्याची सोय यंत्रांत असते. ती लावली तर गांव सुटतें, पण वस्तीच्या वांट्यास नुसता पाझर येतो. मी त्यास कंजूष समजत होतों. तो गणित करीत होता.

या गणितांत आणखी एक कलम आहे, तेंही सांगून टाकतों. ठोक भावानें १०० मेगाबिट घेऊन साठ घरांस प्रत्येकीं दहाचें वचन दिलें, तर वचन होतें सहाशेंचें. यांत फसवणूक नाहीं. बँकही सर्वांच्या ठेवी एकदम परत मागितल्या जाणार नाहींत या विश्वासावरच चालते. मात्र रात्रीं आठ ते दहा साठही घरें एकदम मागूं लागतात. किती घरांस किती वचन द्यावें, येथें व्यावसायिकाची सचोटी दिसते. आणि गिऱ्हाइकानें ही विचारणा पैसे भरण्यापूर्वीं करावी, असें माझें मत आहे.

वस्तीवर उपाय एकच होता. चढाच्या माथ्यावर मधला खांब उभा करावयाचा, म्हणजे टॉवर खांबास पाहील आणि खांब वस्तीस. सात घरांच्या वर्गणींतून त्याचा खर्च दोन वर्षांतही निघावयाचा नव्हता. शेवटीं माथ्यावर विहीर असलेल्या एका शेतकऱ्यानें पंपाच्या खोलीवर जागा दिली. मोबदला म्हणून त्यास फुकट नेट. पण शेतीपंपाची वीज आठवड्यांत कांहीं दिवस दिवसा आणि कांहीं दिवस रात्रीं, तीही थोडेच तास. तेव्हां सूर्यप्रकाशावर चालणारी फळी आणि बॅटरी आली. हिशेब असा: दोन यंत्रें प्रत्येकीं १० वॅटचीं, म्हणजे २४ तासांत ४८० वॅट-तास. १५० वॅटची फळी चांगल्या उन्हांत घट-तूट वजा जातां साधारण पांचशें वॅट-तास देते. १२ व्होल्टची ७५ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर ९०० सांठविते; पण शिशाची बॅटरी निम्म्याखालीं उतरविली कीं तिचें आयुष्य झपाट्यानें सरतें, म्हणून खरे साडेचारशेंच धरावे. म्हणजे ऊन अजिबात पडलें नाहीं तर जेमतेम एक दिवस. आषाढांत तीन दिवस झड लागली कीं हें गणित कोठें जातें, हें आपणच ताडावें. वळवाच्या दिवसांत विजांचें भय निराळें. एका मे महिन्यांत टॉवरवरचीं तीन यंत्रें एका कडाडीसरशीं गेलीं. तेव्हांपासून जमिनींत पुरलेल्या तांब्याच्या पट्टीकडे तो देवघराइतकेंच लक्ष देतो.

झाडी आणि चढ यांच्या याच अडचणीवर आपल्या राज्यांत, पालघर जिल्ह्यांत, निराळा प्रयोग झाला आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मधील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांचे सहकारी यांनीं तो ग्राममार्ग या नांवानें चालविला. प्रथम सात वाड्यांत आणि पुढें सुमारें पंचवीस गांवांत. त्यांची युक्ति अशी. दूरचित्रवाणीसाठीं राखून ठेवलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचा फार थोडा भाग आपल्या देशांत प्रत्यक्ष वापरला जातो. त्या लहरीची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक. ती झाडींतून पुष्कळच सुखरूप पार होते. रिकाम्या पडलेल्या त्या जागेंतून इंटरनेट वाड्यांपर्यंत नेलें. २०१७ सालीं मोझिला या संस्थेच्या स्पर्धेंत या कार्यास सव्वा लाख डॉलरांचें पारितोषिक मिळालें. तथापि तो पट्टा पांच गिगाहर्ट्झप्रमाणें सर्वांस परवान्यावांचून मोकळा झालेला नाहीं. माझ्या विद्यार्थ्यासारख्यास तो मिळता, तर विहिरीवरचा खांब कदाचित् लागताच ना. हें माझें मत आहे. जाणत्यांनीं तपासून पाहावें.

मोठ्या कंपन्याही आतां तारेवांचून घरोघर येऊं लागल्या आहेत. रिलायन्स जिओनें २०२३ च्या गणेशचतुर्थीस अशी सेवा आठ मोठ्या शहरांत आरंभिली. गांवांतलीं जवळचीं, सोयीचीं घरें उद्यां त्यांच्याकडे वळलीं तर तींत नवल नाहीं. आणि वस्तीवरचा खांब जगतो तो याच सोयीच्या घरांच्या वर्गणीवर. यावर काय करणार, असें मीं विद्यार्थ्यास विचारलें. त्यानें नीट उत्तर दिलें नाहीं. म्हणाला, "त्यांच्या माणसाला फोन लावला तर तो येतो कधी, ते लोक बघतील की."

त्या दोघी बहिणींपैकीं थोरली आतां तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकते. धाकटी वस्तीवरच असते. पावसाळ्यांत झड लागली म्हणजे ती रोज संध्याकाळीं विहिरीवर जाऊन बॅटरीच्या मापकाचा आंकडा पाहते आणि फोन करते, "दादा, अकरा पूर्णांक आठ झालंय." मग तो दुकान बंद करून भरलेली बॅटरी मोटारसायकलच्या मागें बांधतो आणि निघतो.