स्लॅबआधीचे वायरिंग

नव्या घराच्या वायरिंगचा पहिला टप्पा स्लॅबच्या पायपिंगचा असतो आणि तो पुन्हा करता येत नाही. सळईची जाळी बांधून झाली की काँक्रीट ओतण्याआधी पंख्यांचे बॉक्स आणि पीव्हीसी पाइप जाळीत बसवले जातात. त्यानंतर छतातला पॉइंट हलत नाही. भिंतीत झिरी मारून पाइप नंतरही घालता येतो. पण कॉलम आणि बीम फोडून तो नेऊ नये. म्हणून विजेचा, फोनचा आणि इंटरनेटचा नकाशा स्लॅबच्या आधी कागदावर हवा. अमरावती-अकोल्याभोवतीच्या नव्या लेआउटांत हे ठरवणे अनेकदा सेंट्रिंग उभे राहिल्यावर, घाईत आणि तोंडी होते. वायरिंगची मजुरी पॉइंटवर ठरते, त्यामुळे पॉइंट किती यावर घासाघीस होते आणि कोणत्या पॉइंटवर काय चालणार हे विचारायचे राहून जाते.

खरी सुरुवात त्याच प्रश्नापासून व्हायला हवी. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, घरगुती कूलर १५० ते २५०. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या पुढे जातो, गिझर आणि इंडक्शन शेगडी प्रत्येकी सुमारे २ किलोवॅट, एक अश्वशक्तीचा पंप साधारण १ किलोवॅट. २,००० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. त्यामुळे ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते चालवायचे नसते. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट आणि थेट डीबीपासून, म्हणजे वीजवाटपाच्या मुख्य पेटीपासून, आलेली स्वतंत्र लाइन लागते. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीचची, एसीला चारची, ही रूढ मापे आहेत.

वऱ्हाडात मात्र या मापांत उन्हाचा हिशेब मिळवावा लागतो. वायरची क्षमता सांगणारे तक्ते ठरावीक तापमान गृहीत धरून केलेले असतात आणि साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही. उघड्या गच्चीच्या स्लॅबमधला पाइप तर हवेपेक्षाही तापलेला असतो, आणि नेमक्या त्याच दुपारी एसी तासन् तास चालू असतो. भोवताल जितका तापलेला, तितका वायरला स्वतःची उष्णता बाहेर टाकायला वाव कमी. म्हणून वरच्या मजल्यावरच्या जड भाराच्या लाइनी एक माप जाड घ्याव्यात आणि एका पाइपात वायरी कोंबू नयेत. पाइपचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा राहिला तर वायर थंड राहते आणि पुढे बदलायची झाल्यास ओढूनही निघते.

कूलर हे या भागातल्या उन्हाळ्याचे मुख्य यंत्र आहे, तरी घराच्या नकाशात त्याला सहसा जागाच दिलेली नसते. मग मार्चमध्ये कूलर खिडकीबाहेर मांडला जातो आणि वीज येते ती खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून, एक्स्टेन्शन बोर्डावरून, कधी तर दोन पिनांच्या प्लगने. बाहेरची पेटी लोखंडी पत्र्याची. आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप. पंपाच्या वाइंडिंगचे आवरण खराब झाले की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. पाणी भरणारा माणूस ओल्या फरशीवर, बऱ्याचदा अनवाणी, हातात पाण्याचा पाइप धरून उभा असतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावतात आणि त्यांत लहान मुलेही असतात. हे मृत्यू टाळता येण्याजोगे आहेत, आणि टाळण्याची सोय घर बांधतानाच सर्वांत स्वस्तात होते. प्रत्येक खोलीत कूलरची खिडकी आधी ठरवावी. तिच्या शेजारी, खोलीच्या आत, हाताच्या उंचीवर तीन पिनांचे सॉकेट आणि दिवा असलेले बटण द्यावे, म्हणजे पाणी भरण्याआधी प्लग काढणे जिवावर येणार नाही. त्याच खिडकीबाहेर नळाची तोटी आली तर उत्तम.

तिसरी पिन मात्र तिच्यामागे खरी अर्थिंग असेल तरच उपयोगाची. इथे जमिनीचा स्वभाव आडवा येतो. काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, तिला हातभर खोल भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपभोवती पोकळी होऊन मातीचा स्पर्श सुटतो. म्हणजे कूलर सुरू होतो त्याच दिवसांत अर्थिंग सर्वांत दुबळी असते. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात अडचण आणखी वेगळी: खारट मातीत वीज सहज वाहते, पण लोखंड लवकर गंजते. अर्थिंगसाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, पाइप इलेक्ट्रोड किमान अडीच मीटर लांबीचा आणि इमारतीपासून दीड मीटर दूर सांगितलेला आहे. जागा मोरीच्या किंवा बागेच्या ओलाव्याजवळची निवडावी, वरून पाणी घालायला नरसाळे आणि झाकणाचा चौथरा ठेवावा, आणि फेब्रुवारीपासून पाणी घालत राहावे. खारपाणपट्ट्यात तांब्याची प्लेट महाग पडते, पण टिकते.

अर्थिंग दुबळी असेल तर जादा प्रवाहावर पडणारा नेहमीचा एमसीबी स्विच वाचवू शकत नाही, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. अर्थिंगचा रोध २० ओहम धरला, तर पत्र्यात उतरलेल्या २३० व्होल्टमुळे जमिनीत साडेअकरा अँपिअर प्रवाह जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी त्याने पडणार नाही आणि कूलरचा पत्रा जिवंत राहील. विजेची गळती ओळखणारा आरसीसीबी स्विच मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो आणि ३० मिलिअँपिअरपर्यंतच्या फरकाला क्षणार्धात वीज तोडतो. घरातल्या माणसांसाठी ३० मिलिअँपिअरचाच घ्यावा. १०० किंवा ३०० चा प्रामुख्याने आगीपासून बचावासाठी असतो. नव्या घरात आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकला जातो, ही फार घातक सवय आहे. अनेकदा दोष त्याचा नसतो. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल इतर न्यूट्रलला जोडला की हेच होते. म्हणून इन्व्हर्टरवर कोणते दिवे-पंखे चालणार हे आधी ठरवून त्यांची फेज-न्यूट्रलची जोडी डीबीपासूनच वेगळी ओढावी.

इन्व्हर्टरच्या यादीत राउटरचे नाव आजकाल पहिले असायला हवे. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या टेलिफोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा मिळे, त्यामुळे घरात अंधार असतानाही फोन चाले. फायबरमधून फक्त प्रकाश येतो. घरातल्या डब्याला वीज नसेल तर इंटरनेट आणि त्यावरचा लँडलाइन दोन्ही बंद पडतात. फायबरचा एक फायदा मात्र मोठा आहे: काचेचा तंतू वीज वाहत नसल्याने पावसाळ्यात विजांचा धक्का त्या वाटेने घरात येत नाही. मुख्य वीजजोडणीवर सर्ज प्रोटेक्टर तरीही बसवावा.

फायबर, केबल टीव्ही आणि फोनसाठी रस्त्याकडून घराच्या मध्यापर्यंत २५ मिलिमीटरचा स्वतंत्र पाइप, आत ओढतार घालून, स्लॅबच्या वेळीच टाकावा. फायबर काटकोनात वळला की तुटू शकतो, म्हणून वळणे गोलाईची ठेवावीत. राउटर लोखंडी डीबीत किंवा कोपऱ्यातल्या कपाटात ठेवू नये. विटांच्या भिंती आणि सळईचा स्लॅब वायफाय अडवतात. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल २.४ च्या मानाने लवकर मंदावतो. दोन मजली घरात वरच्या छतातल्या एका पॉइंटपर्यंत आणि टीव्ही, अभ्यासाची खोली, गेटवरचा कॅमेरा येथपर्यंत कॅट ६ केबल नेली की प्रश्न मिटतो. तिची १०० मीटरची मर्यादा घरात कधीच ओलांडली जात नाही. विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपात ती घालू नये; दोन्ही पाइप समांतर जात असतील तर वीतभर अंतर ठेवावे आणि छेद काटकोनात द्यावा.

पाण्याची आणि सौर विजेची वाटही याच नकाशात येते. अकोल्याला काटेपूर्णेचे, अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचे पाणी मिळते, पण नळ रोज येईलच असे नाही. म्हणून जमिनीतल्या टाक्यापाशी पंपाची स्वतंत्र लाइन आणि गच्चीवरच्या टाकीपर्यंत फ्लोट स्विचचा पाइप लागतो. छतावरील सौर संचासाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान जाहीर झाले. संच पुढे बसवायचा असला तरी गच्चीपासून मीटरपर्यंतचा पाइप आणि दोन जादा अर्थिंगच्या जागा आज राखाव्यात.

प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा, शेजारी मोजपट्टी धरून, फोटो काढून ठेवावा. पडद्याचा रॉड ठोकताना तो उपयोगी पडतो. वायरी भरून झाल्यावर मेगरने आवरणाची आणि अर्थ टेस्टरने अर्थिंगच्या रोधाची चाचणी करून घ्यावी. परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट महावितरणच्या नव्या जोडणीसाठी लागतोच. तो केवळ सहीपुरता न घेता त्यातले आकडे मागावेत, आणि अर्थिंगची मोजणी मे महिन्यात, माती पूर्ण वाळलेली असताना, पुन्हा एकदा करावी.